बोलके चित्र आणि आपली सभा

संपादक मंडळाने आम्हांस असा विषय नेमून दिला आहे की, हल्ली संगणकावर माणसाचे जे हालते-बोलते चित्र तयार करता येते, त्यास आपल्या ट्रस्टच्या ऑनलाइन सभेत निवेदक म्हणून बसवावे किंवा कसे, याचा विचार करून सभासदांस समजेल अशा रीतीने लिहावे. या चित्रास सर्वत्र ‘एआय अवतार’ असे नाव पडले आहे. आपल्याकडे चिखलात खेळून आलेल्या पोराला ‘काय हा अवतार!’ म्हणण्याची रीत असल्यामुळे कार्यकारिणीच्या बैठकीत हा शब्द प्रथम निघाला तेव्हा वडील मंडळींत हशा पिकला. आम्हीही हसलो. त्यानंतर प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिला, आणि त्यात जे अनुभवास आले ते येथे सांगावयाचे आहे.

गरज का पडली ते आधी सांगतो. रामाकोन्याची आपली मंडळी आता रामाकोन्यात थोडी आणि बाहेर फार, अशी स्थिती आहे. नागपूर-छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाली; पण तोपर्यंत तिच्यात बसून शिकावयास नागपूरला गेलेली मुले पुढे पुणे-बंगळूर गाठून तेथेच स्थायिक झाली होती, आणि काही समुद्रापलीकडेही गेली होती. त्यांना वार्षिक सभेस प्रत्यक्ष येणे शक्य नाही. दुसरी अडचण भाषेची. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर हीच आपल्या राज्याची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख मध्यप्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी घरी मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी, हा क्रम तसाच आहे. परदेशातील नातवंडांची तर तिसरीच भाषा. एकच अहवाल तीन भाषांत सांगावयाचा, आणि चिटणीसांचे वय सत्तरीच्या पुढे. तेव्हा तरुण सभासदांनी सुचविले की, चिटणीसांचे बोलके चित्र करावे. एकदा लिहून दिले की तेच तिन्ही भाषांत बोलेल.

हे चित्र तयार कसे होते? ज्याचे चित्र करावयाचे त्याने चांगल्या उजेडात, कॅमेऱ्याकडे पाहून काही मिनिटे बोलावयाचे. त्या चित्रफितीवरून यंत्र त्याच्या चेहऱ्याची ठेवण, ओठांची हालचाल, मान हलविण्याची लकब टिपून घेते, आणि त्याच्याच आवाजावरून त्याच्यासारखा आवाज घडविते. मग आपण मजकूर लिहून दिला की प्रथम त्या मजकुराचा ध्वनी तयार होतो आणि त्या ध्वनीच्या मापाने ओठ हलविले जातात. म्हणजे पडद्यावरचा माणूस बोलत नसतो. लिहिलेले वाचून दाखविले जात असते. लंडनची सिन्थेशिया ही २०१७ साली स्थापन झालेली कंपनी किंवा हेजेन यांच्यासारख्या संस्था हेच काम करतात. आणि एखाद्या व्यक्तीचे चित्र करण्यापूर्वी तिने कॅमेऱ्यासमोर संमती सांगितली पाहिजे, अशी त्यांची अट असते. ही अट चांगली आहे. मात्र अशा अटी न घालणारी साधनेही बाजारात आहेत, हे विसरून चालणार नाही.

आम्ही केलेल्या प्रयोगात पहिला घोटाळा मराठीचाच झाला. आमच्या अहवालात नावांपूर्वी ‘सौ.’, ‘कै.’, ‘चि.’ ही अक्षरे असणारच. यंत्राने ‘सौ.’चा उच्चार हिंदीतल्या शंभरासारखा केला, त्यामुळे देणगीदारांच्या यादीतील प्रत्येक सुवासिनीपुढे शंभराचा आकडा लागला. ‘कै.’ नुसते ‘कै’ म्हणून उरले. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ आपण निराळा उच्चारतो. लिपीत हा फरक दिसत नाही, म्हणून यंत्रासही तो कळला नाही, आणि गोशाळेच्या चाऱ्याचा खर्च ऐकताना मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. आकड्यांचेही तसेच. यावर उपाय सोपा आहे, पण कष्टाचा आहे. मजकूर देण्यापूर्वी सर्व संक्षेप सोडवून पूर्ण शब्द लिहावे, रकमा अक्षरी लिहाव्या, जो शब्द चुकतो तो बदलून दुसरा घालावा, आणि तयार झालेली फीत गावातल्या एखाद्या जाणत्या बाईंना डोळे मिटून ऐकावयास सांगावी. चार मिनिटांहून मोठे निवेदन ठेवू नये. साधारण पाचशे शब्द त्यास पुरतात. सभेत फीत दाखविताना पडद्याबरोबर संगणकाचा आवाजही पाठविण्याची खूण करावी लागते. ती विसरल्यास चिटणीस नुसते तोंड हलविताना दिसतात. आमच्या पहिल्या सभेत पहिली दोन मिनिटे असेच झाले. शेतावर असलेल्या सभासदांस मोबाईलची रेंज कधी मिळते, कधी मिळत नाही, म्हणून फीत आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावी.

इंग्रजी फितीने एक मौज केली. चिटणीसांस कामापुरते इंग्रजी येते. पडद्यावरचे चिटणीस मात्र खळाळत्या इंग्रजीत बोलले. दुसऱ्या दिवशी परदेशातील एका सभासदाच्या मुलाने त्यांना फोन करून भरभर इंग्रजी सुरू केले, तेव्हा त्यांची मोठी पंचाईत झाली. ‘मला न येणारी गोष्ट माझ्या तोंडी घातलीत,’ असे ते आम्हांस हसत म्हणाले; पण ते पूर्ण हसत नव्हते, हे आमच्या ध्यानात आले.

त्याच सभेत जे घडले त्यामुळे आमचा सारा विचार बदलला. मराठी फीत चालू असताना गावातल्याच एका आजीबाईंनी, नातीने हातात दिलेल्या मोबाईलवरून, मध्येच विचारले, ‘काहो, माह्या नातीच्या फीचं काय झालं जी?’ पडद्यावरचे चिटणीस शिष्यवृत्तीचाच परिच्छेद वाचीत होते. त्यांनी मान डोलाविली, मंद हसले, आणि पुढच्या बाबीकडे वळले. आजींनी पुन्हा विचारले. पुन्हा तेच हास्य. त्या बाई आपल्या चिटणीसांस चाळीस वर्षे ओळखतात. त्यांना वाटले, ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. खरे चिटणीस त्या वेळी आमच्याच शेजारी बसले होते. ते उठून मोबाईल घेईपर्यंत आजींनी फोन ठेवून दिला होता. नंतर ते स्वतः त्यांच्या घरी गेले. फीचा धनादेश निघालेला होता, केवळ शाळेकडून पावती यावयाची होती. काम झालेले असूनही त्या घरात एक रात्र वाईट गेली, ही गोष्ट आम्ही आमच्या चुकांत जमा धरली आहे.

बाहेर मोठ्या संस्थांत हे कसे चालते ते आम्ही पाहिले. दूरदर्शनच्या किसान वाहिनीने २६ मे २०२४ रोजी ‘कृष’ आणि ‘भूमी’ हे दोन कृत्रिम निवेदक आणले. ते पन्नास भाषांत बोलू शकतात, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. बाजारभाव, हवामान, सरकारी योजना ही त्यांची कामे. आपल्या संत्रा-बागाईतदारांस त्यांचा उपयोग आहे, आणि त्यात कोणाची फसवणूक नाही. कारण ‘कृष’ नावाचा कोणी माणूस नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. भाव विचारला आणि उत्तर मिळाले नाही म्हणून कोणी त्याच्यावर रुसत नाही. आपल्या चिटणीसांचे तसे नाही. ऑनलाइन सभांचे साधन पुरविणाऱ्या झूम कंपनीचे प्रमुख एरिक युआन यांनी मे २०२५ मध्ये भागधारकांपुढील तिमाही निवेदनाचा आरंभ आपल्या बोलक्या चित्राकडून करविला. पण प्रश्नोत्तरांस ते स्वतः आले. ज्याने हे साधन बनविले, तोही प्रश्नांच्या वेळी चित्रामागे राहिला नाही. हा धडा आम्हांस सर्वांत उपयोगी वाटला.

दुसरे उदाहरण हाँगकाँगचे आहे आणि ते प्रत्येक खजिनदाराने लक्षात ठेवावे. अरूप ही इंग्लंडची नामांकित अभियांत्रिकी कंपनी. सिडनीच्या ऑपेरागृहाच्या बांधणीत तिचा मोठा वाटा होता. २०२४ च्या आरंभी तिच्या हाँगकाँग कचेरीतील एका कर्मचाऱ्यास, कंपनीच्या वित्तप्रमुखाच्या नावाने एका गुप्त व्यवहाराचा निरोप आला. त्यास प्रथम संशय आला होता. परंतु नंतरच्या व्हिडिओ सभेत वित्तप्रमुख आणि ओळखीचे सहकारी प्रत्यक्ष दिसले, म्हणून त्याचा संशय फिटला, आणि त्याने १५ वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठविले. त्या सभेत त्याच्याखेरीज खरे माणूस कोणीच नव्हते. ती चित्रे आधीच करून ठेवलेली होती आणि त्यांच्याशी खरा संवाद झालाच नाही, असे पोलिसांच्या तपासात आढळले. हे वाचताच आम्हांस आमच्या आजीबाई आठवल्या. त्यांनी चित्राला मध्येच अडवून प्रश्न विचारला. त्या कर्मचाऱ्याने तेवढे केले असते तर?

आपल्या ट्रस्टचा सारा व्यवहार चेहऱ्यावर चालतो. पुण्यातला सभासद औषधोपचार निधीस रक्कम पाठवितो ती ताळेबंद वाचून नव्हे, तर खजिनदार त्याच्या वडिलांच्या ओळखीचे म्हणून. उद्या खजिनदारांचाच चेहरा आणि आवाज घेऊन कोणी ‘अमुक रुग्णास आज रात्रीच पैसे हवेत, ह्या नव्या क्रमांकावर पाठवा,’ असे म्हणाला, तर आपल्यापैकी किती जण थांबतील? सचिन तेंडुलकर यांच्या चेहऱ्याची व आवाजाची नक्कल करून एका खेळाच्या ॲपची जाहिरात केली गेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांना स्वतः लोकांस सावध करावे लागले. त्यांचे म्हणणे देशभर पोहोचले. आपल्या खजिनदारांचे कोठवर पोहोचेल? म्हणून कार्यकारिणीने असे ठरविले आहे की, ट्रस्टचे बँक खाते कोणत्याही चित्रफितीतून वा व्हिडिओ सभेतून बदलले जाणार नाही; बदल झाल्यास तो दोन विश्वस्तांच्या सहीच्या पत्राने कळविला जाईल. कोणीही, कोणाच्याही तोंडून पैशांची निकड ऐकली, तर फोन ठेवावा आणि आपल्या वहीत पूर्वीपासून लिहिलेल्या क्रमांकावर आपण होऊन लावावा. यात खजिनदारांचा अपमान नाही. त्यांनीच हा ठराव मांडला.

मग बोलके चित्र वापरावे की नाही? वापरावे, असे आमचे मत आहे, पण जे ठरून गेले आहे तेवढेच त्याच्याकडून वदवून घ्यावे: मागील सभेचे इतिवृत्त, कार्यक्रमपत्रिका, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत व लागणारी कागदपत्रे. त्यासाठी कोणा ओळखीच्या माणसाचा चेहरा मुळीच नको. कल्पित निवेदक पुरे. जमाखर्च मात्र खजिनदारांनी स्वतःच्या तोंडाने सांगावा. ते अडखळतात, चष्मा शोधतात, एखादी बाब मागे-पुढे होते, होऊ द्यावी. मध्यप्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ अन्वये हिशेबाची जबाबदारी विश्वस्तांवर आहे. आणि फितीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘हे चित्र यंत्राने तयार केलेले आहे’ असे मोठ्या अक्षरांत असावे. बहुरूपी पोलिसाच्या वेषात दारात उभा राहून दरडावतो खरा, पण बिदागी मागताना आपण बहुरूपी असल्याचे सांगतो; म्हणूनच लोक त्याला हसत धान्य घालतात.

राहिला एक प्रश्न, आणि तोच सर्वांत नाजूक. सभागृहात आपल्या आद्य संस्थापकांची तसबीर आहे. सुवर्णमहोत्सवी सभेत त्या तसबिरीस बोलते करावे, अशी काही तरुणांची फार इच्छा होती. असे करता येते. १६ एप्रिल २०२५ रोजी नाशिक येथे शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाच्या शिबिरात कै. बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजातील भाषण याच तंत्राने ऐकविण्यात आले होते. त्यांच्या भाषणांच्या ध्वनिफिती विपुल आहेत, लकब घराघरांत माहीत आहे. तरीही ते शब्द त्यांचे म्हणावेत काय, यावर वाद झालाच. आपल्या संस्थापकांच्या आवाजाची तर एकही फीत नाही. जो आवाज निघेल तो कोणाचा? आणि ते आज काय म्हणाले असते, हे लिहून देण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणाचा? ज्या मुलांनी हे सुचविले त्यांच्या मनात भक्तीच होती, हे आम्ही जाणतो, आणि बैठकीत त्यांना जे कठोर बोलले गेले ते योग्य नव्हते. संस्थापकांच्या कन्येस विचारले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘बाबा कमी बोलत. लिहीत मात्र पुष्कळ.’

त्यावरून जुनी इतिवृत्ताची वही काढली. पहिल्या वर्षाच्या सभांची पाने त्यांच्याच हातची आहेत. शिल्लक किती, कोणाच्या मुलास पुस्तके दिली, कोणाची वर्गणी राहिली व ती का मागू नये, हे सारे त्यात आहे. महोत्सवाच्या सभेत तसबिरीखाली उभी राहून आपल्या शाळकरी मुलींपैकी एक जण त्यातील तीन पाने वाचून दाखविणार आहे. शाई फिकी झाली आहे आणि अक्षर बारीक आहे, म्हणून ती पाने तिला दुसऱ्या कागदावर उतरवून देण्याचे काम सध्या चालू आहे.