डोंगरावरची सुट्टी आणि सफरीचे आदाब



वार्षिक परीक्षा संपत आल्या की घराघरांत एकच विषय निघतो : या सुट्टीत मुलांना कोठे न्यावे? उल्हासनगर कॅम्प नं. ३ सारख्या दाट वस्तीत, पत्र्याखालच्या खोल्यांत उन्हाळा काढणाऱ्या मुलांची ही मागणी अवाजवी म्हणता येत नाही. परंतु उत्तर देताना आपण बहुधा दोन टोकांना जातो. एखादे घर व्याजी कर्ज काढून डोंगर गाठते. तर दुसरे घर ‘दीनदार माणसाला सहल शोभत नाही’ असे म्हणून मुलांचा हिरमोड करते. ही दोन्ही टोके शरीअतीला धरून नाहीत. आपल्याला सर्वांत जवळच्या गिरिस्थान नगराचे, माथेरानचे, उदाहरण घेऊन या विषयाचा क्रमाने विचार करू.

सहल जायज आहे काय?

पवित्र कुरआनात पृथ्वीवर फिरून अल्लाहची निर्मिती पाहण्याचा आदेश आहे (सूरह अन्कबूत, आयत २०). सूरह गाशियामध्ये उंट, आकाश आणि जमीन यांच्यासोबत पर्वतांकडेही लक्ष वेधले आहे : ते कसे रोवले गेले ते पाहा (आयत १९). हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी हजरत अबू दरदा (रजि.) यांना समजावले होते की, माणसावर त्याच्या रबचा हक्क आहे, तसाच स्वतःच्या देहाचा आणि कुटुंबाचाही आहे, आणि प्रेषित (स.) यांनी त्या म्हणण्याला दुजोरा दिला (बुखारी). स्वतः प्रेषित (स.) यांनी एका सफरीत हजरत आयशा (रजि.) यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावली होती (अबू दाऊद). तेव्हा कुटुंबाला आनंद देणे हा हक्काचाच भाग आहे. अट इतकीच की त्यासाठी कोणता फर्ज बुडू नये आणि कोणतेही हराम घडू नये.

खर्चाची मर्यादा

सूरह फुरकानमध्ये रहमानच्या भक्तांचे एक लक्षण सांगितले आहे : ते खर्च करताना उधळपट्टीही करत नाहीत आणि कंजूषपणाही करत नाहीत (आयत ६७). म्हणून बेत आखण्यापूर्वी घरात सल्लामसलत करावी आणि रकमेचा हिशेब मांडावा. कोणाचे देणे थकले असेल तर ते आधी चुकवावे. जूनमधील शाळेची फी आणि वह्या-पुस्तकांचे पैसे वेगळे काढावे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद-उल-अजहा काही वर्षे मे महिन्यात येते. ज्यांच्यावर कुर्बानी वाजिब होणार आहे त्यांनी तीही रक्कम राखून ठेवावी. यानंतर जे उरेल ते सहलीचे. उरलेले थोडे असेल तर मुक्काम करू नये. एका दिवसाची फेरीही सहलच असते. व्याज देऊन विकत घेतलेल्या दोन दिवसांच्या थंडाव्यात बरकत कोठून येणार?

जवळचा डोंगर

आपल्यासाठी माथेरान लांब नाही. उल्हासनगर स्थानकावरून कर्जत लोकलने अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ, असे हे पाचवे स्थानक. तेथून सुमारे ८०० मीटर उंचीवर माथेरान वसले आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी या जागेकडे इंग्रजांचे लक्ष वेधले. नेरळहून वर जाणारी सुमारे २१ किलोमीटरची छोटी रेल्वे १९०७ मध्ये पूर्ण झाली, आणि ती उभारली मुंबईचे मुस्लिम उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने. मुलांना गाडीत बसवताना हे जरूर सांगावे. एका व्यापाऱ्याच्या कुटुंबाने घातलेल्या रुळांवरून शंभर वर्षांनंतरही लोक डोंगर चढतात, हा धडा पुस्तकाबाहेरचा आहे.

माथेरानात मोटारींना बंदी आहे. टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. तेथून बाजारापर्यंत पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या रेल्वेने जाता येते. सोबत वृद्ध आई-वडील किंवा तान्हे मूल असेल तर या अडीच-तीन किलोमीटरचा विचार घरीच करावा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही गाडी बंद असते, हेही ध्यानात ठेवावे. निघताना जबाबदारी एकाकडे सोपवावी. तिघे सफरीला निघाले तरी त्यांनी एकाला अमीर नेमावे, अशी हदीस आहे (अबू दाऊद). अमीराने हुकूम सोडत बसू नये, सर्वांची काळजी वाहावी. सुट्टी आईलाही असावी. प्रेषित (स.) घरकामात हात लावत असत, तेव्हा मुक्कामी भांडी आणि मुले एकट्या आईच्या गळ्यात टाकून पुरुषांनी पॉइंट पाहत फिरणे ही सुन्नत नव्हे.

नमाज : कस्र की पूर्ण?

या प्रश्नावर सर्वाधिक गोंधळ आढळतो. ‘बाहेरगावी गेलो की नमाज अर्धी’ असा समज पसरला आहे. तो बरोबर नाही. हनफी मतानुसार आपल्या गावाची हद्द सोडून सुमारे ७७-७८ किलोमीटर किंवा त्याहून दूर जाण्याचा इरादा असेल तरच माणूस शरई मुसाफिर ठरतो. आपल्या कोकणी बांधवांच्या शाफई मसलकात हे अंतर याहूनही किंचित अधिक धरले जाते. उल्हासनगर ते नेरळ सुमारे तीस किलोमीटर आणि वर एकवीस, म्हणजे माथेरान पन्नासच्या आसपास. म्हणून तेथे जोहर, असर आणि इशाच्या चार-चार फर्ज रकअती पूर्ण पढाव्या लागतील. लोणावळा मार्गानुसार या मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे येते. जाण्यापूर्वी अंतर मोजून आपल्या आलिमांना विचारावे. महाबळेश्वर मात्र दोनशे किलोमीटरहून दूर आहे. तेथे पंधरा दिवसांपेक्षा कमी राहण्याचा इरादा असेल तर हनफी मुसाफिराने कस्र करावी; शाफई मतात ही मुदत चार दिवसांपेक्षा कमी आहे. स्थानिक इमामामागे नमाज पढल्यास सर्वांनी पूर्णच पढावी. फजर आणि मगरिबमध्ये कस्र नाही.

आता वेळांचा विचार करू. माथेरानात सूर्योदयासाठी पॅनोरमा पॉइंट आणि सूर्यास्तासाठी पॉर्क्युपाइन पॉइंट प्रसिद्ध आहे. सूर्योदय पाहायला निघालेल्याने फजर पढूनच निघावे; सूर्य उगवू लागल्यावर नमाजची मनाई सुरू होते. संध्याकाळी याच्या उलट घडते : सूर्य बुडतो आणि मगरिबची वेळ लागते, पण लोक छायाचित्रे काढत परततात आणि ती अल्प वेळ निसटून जाते. म्हणून असर आधी पढून, वुजू राखून आणि एक चादर सोबत घेऊन जावे. किब्ल्याची चिंता नको. आपल्या भागातून किब्ला पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. एप्रिलच्या मध्यास सूर्य जवळपास त्याच दिशेला मावळतो. ज्या सूर्यास्तासाठी एवढे चालत आलो, तोच उभे राहण्याची दिशा दाखवतो.

वाट, पाणी आणि मुके जनावर

सवारीवर बसताना सूरह जुखरुफमधील दुआ (आयत १३-१४) मुलांकडून पाठ करून घ्यावी. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, सहाबा चढण चढताना ‘अल्लाहु अकबर’ आणि उतरताना ‘सुब्हानल्लाह’ म्हणत (बुखारी). डोंगरवाटेवर मुलांना शिकवण्याजोगी याहून सुंदर सुन्नत कोणती?

घोडा ठरवताना भाडे आणि अंतर आधीच स्पष्ट करावे. मोबदला अस्पष्ट असलेला इजारा फिकहमध्ये सदोष मानला जातो. घोडेवाल्याशी उतरल्यावर घासाघीस करू नये; मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, अशी शिकवण आहे (इब्ने माजा). थकलेल्या घोड्यावर दोघांना बसवू नये. मालकाने उपाशी ठेवून राबवलेल्या उंटाची व्यथा जाणून प्रेषित (स.) यांनी त्या मालकाला अल्लाहचे भय बाळगण्यास बजावले होते (अबू दाऊद).

प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे सुमारे लिटरभर पाण्यात वुजू करत. डोंगरावर पाणी जपून वापरावे लागते. तेथे ही सुन्नत विशेष शोभते. वाटेवरील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची शाखा आहे (मुस्लिम). मग आपणच प्लास्टिकच्या पिशव्या टाकून वाट बिघडवणे कसे क्षम्य ठरेल? बदलापूरकडे वाहत येणारी आपली उल्हास नदी याच सह्याद्रीतून, नेरळच्या परिसरातून येते. वर टाकलेला कचरा पावसात खाली येतो.

परतीचा हिशेब

सफर हा यातनेचा एक भाग आहे, काम होताच घरी परतावे, असे हदीसमध्ये सांगितले आहे (बुखारी, मुस्लिम). म्हणून बेत आटोपशीर असावा. परतल्यावर मुलांना दोनच गोष्टी विचाराव्या : काय पाहिले, आणि किती नमाजी वेळेवर झाल्या? दोन्ही उत्तरे आनंदाने आली तर खर्च सार्थकी लागला असे समजावे.

अल्लाह तआला आपल्या कुटुंबांना हलाल आनंद, सुखरूप प्रवास आणि नमाजची पाबंदी नसीब करो. आमीन.