मांजराची तिसरी पापणी

लाल कंधारी व देवणी या गोवंशांमुळे नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांचे नाव दूरवर गेले आहे. बैलाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, की तेथील शेतकरी कासावीस होतो. मांजराच्या वाट्याला मात्र एवढी काळजी क्वचितच येते. वास्तविक, उंदरांपासून धान्य राखणारा हा प्राणीही घरचाच होय.

मांजराच्या प्रत्येक डोळ्यास तीन पापण्या असतात. वरची व खालची माणसासारखीच. तिसरी नाकाकडील कोपऱ्यात दडलेली, पातळ व पांढुरकी. ती डोळ्यावरून आडवी सरकून धूळ पुसते आणि अश्रू पसरविते. निरोगी मांजर जागे असताना ती सहसा दिसत नाही. ती बाहेर येऊन राहिली, की डोळ्यात सारा पडला असे लोकांना वाटते. मग कोणी काजळ घालतो, कोणी दूध, तर कोणी मध! परंतु ती पापणी म्हणजे रोग नव्हे, रोगाची वर्दी होय. दोन्ही डोळ्यांत ती दिसल्यास जंत, जुलाब अथवा अशक्तपणा यांचा संशय घ्यावा. एकाच डोळ्यात दिसल्यास तेथे कुसळ वा जखम असण्याचा संभव अधिक.

पिलांचे डोळे जन्मानंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांनी उघडतात. त्यांना विषाणूंमुळे सर्दी झाली, की पापण्या चिपडांनी घट्ट चिकटतात. आत पू साचून राहिल्यास बुबुळास इजा होते व दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा वेळी पाणी उकळून कोमट करावे, त्यात स्वच्छ कापसाचा बोळा भिजवून तो पापणीवर मिनिटभर धरावा आणि चिपडे मऊ झाल्यावर हलकेच पुसावीत. दुसऱ्या डोळ्यास नवा बोळा घ्यावा. पापण्या ओढून उघडू नयेत. माणसांसाठी आणलेले थेंबही घालू नयेत. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते व त्याने बुबुळावरील जखम चिघळते. डोळा पुसून झाला, तरी पिलू पशुवैद्याकडे न्यावेच लागते.

काही मांजरांची, विशेषतः चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजरांची, खालची पापणी आत वळते व तिचे केस बुबुळावर घासत राहतात. तेव्हा पशुवैद्य भूल देऊन पापणीखालील कातडीची चंद्रकोरीसारखी बारीक पट्टी काढतात आणि टाके घालतात. त्यामुळे पापणी बाहेर वळते. मांजराने पंजाने टाके उसवू नयेत, म्हणून काही दिवस त्याच्या गळ्यात नरसाळ्यासारखा पट्टा बांधतात.

लातूर जिल्ह्यात उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. गाईबैलांबरोबर मांजराचा डोळाही तेथील विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा विषय असतो. दवाखान्यात नेताना मांजर झाकणाच्या टोपलीत ठेवावे. हातात धरलेले मांजर मोटारीच्या पहिल्याच भोंग्याला निसटते.