कृष्णा नावाच्या दोन युद्धनौका : फ्रिगेट कशी बदलत गेली?



महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाई, कराड करत सांगलीला पोहोचते, हे आपल्या मुलांना पाठ असतं. पण याच नावाच्या दोन युद्धनौका आपल्या नौदलात होऊन गेल्या, हे वर्गात एकदा विचारून बघा. पहिली १९४३ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेली. तेव्हा इंग्रज तिला 'किस्तना' म्हणत. दुसरी १९९५ मध्ये ब्रिटनकडून घेतलेली. या दोघींच्या मधल्या काळात युद्धनौकेची कल्पना कशी बदलली, ते या पाठात पाहू. आठवी ते दहावीच्या मुलांना इतिहास आणि विज्ञान जोडून हा विषय सांगता येतो.

फ्रिगेटचं काम काय?

फ्रिगेट म्हणजे समुद्रावरची राखणदार. विमानवाहू नौका आणि मालवाहू जहाजांचे तांडे यांच्यासोबत राहून त्यांना सांभाळायचं. धोका तीन बाजूंनी येतो: पाण्याखालून पाणबुडी, वरून विमान आणि समोरून शत्रूची जहाजं.

पहिली कृष्णा याच कामाची, पण वेग जेमतेम २० नॉट. महायुद्धाच्या शेवटी जर्मनीने पाण्याखाली वेगाने जाणाऱ्या नव्या पाणबुड्या काढल्या आणि असली जहाजं एकदम जुनी ठरली.

एका कामाला एक जहाज

मग ब्रिटनने १९५० च्या दशकात कामं वाटून दिली. पाणबुडी शोधायला टाइप १२, विमानं पाडायला टाइप ४१, आपल्या विमानांना रडारवरून दिशा द्यायला टाइप ६१. शिवाय पाणबुडीविरोधी, पण लहान आणि स्वस्त असं टाइप १४.

कागदावर छान दिसतं. पण प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक असलेल्या शाळेत एक जण रजेवर गेला की काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे! टाइप ४१ डिझेल इंजिनावर चालायचं, दूर पल्ला गाठायचं, पण वेगवान ताफ्याबरोबर राहायला कमी पडायचं. प्रत्येक ताफ्यात सगळ्या प्रकारची जहाजं ठेवायची, तर खर्च परवडत नव्हता.

भारतानेही १९५८ ते १९६० मध्ये अशी आठ जहाजं घेतली. 'तलवार' आणि 'त्रिशूल' टाइप १२ ची. 'ब्रह्मपुत्रा', 'बियास', 'बेतवा' टाइप ४१ ची. 'खुकरी', 'किरपाण', 'कुठार' टाइप १४ ची.

यातली 'खुकरी' ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पाणबुडी शोधणं हेच या जहाजाचं काम होतं, हे मुलांना जरूर सांगा. १९५० च्या दशकातलं जहाज नव्या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीसमोर उभं होतं. लहान जहाजात नवी यंत्रं, हेलिकॉप्टर बसवायला जागाही नसते.

सगळी कामं एकाच जहाजात

१९६१ मध्ये ब्रिटनने 'अशांती' हे पहिलं बहुउद्देशीय फ्रिगेट सेवेत आणलं. नाव ऐकून मुलं हसतील. ते आफ्रिकेतल्या एका जमातीचं नाव आहे! पण खरं यश मिळालं १९६३ च्या 'लिअँडर'ला. टाइप १२ चा सांगाडा लाटांत उत्तम चालत होता. तोच ठेवून त्यावर तोफा, विमानविरोधी क्षेपणास्त्रं, चांगलं रडार, सोनार आणि छोटं हेलिकॉप्टर बसवलं. लांबी ११३ मीटर, वेग सुमारे २८ नॉट. ब्रिटनने अशी २६ जहाजं बांधली.

माझगावची सहा भावंडं

इथे आपल्या भागाचा संबंध येतो. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म देवराष्ट्रे गावचा. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. १९६२ ते १९६६ ते संरक्षणमंत्री होते आणि मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये लिअँडर बांधण्याचा करार त्यांच्याच काळात झाला.

१९७२ मध्ये 'निलगिरी' नौदलात आली. मग 'हिमगिरी', 'उदयगिरी', 'दुनागिरी', 'तारागिरी' आणि १९८१ मध्ये 'विंध्यगिरी'. पहिली जवळजवळ ब्रिटिश नकाशाबरहुकूम. पुढे रडार बदललं, शस्त्रं बदलली. शेवटच्या दोघींचा मागचा भाग तर मोठ्या 'सी किंग' हेलिकॉप्टरसाठी नव्याने आखला.

१९८३ ची 'गोदावरी' आपल्याच नौदलाच्या आरेखनकारांनी आखली. इंजिनाची ताकद लिअँडरइतकीच, लांबी मात्र सुमारे १२६ मीटर आणि दोन सी किंग. तरी वेग फारसा कमी झाला नाही. का? लांब जहाजाला लाटा निर्माण होण्यातून होणारा विरोध त्या मानाने कमी असतो. विज्ञानाच्या तासाला हा प्रश्न जरूर घ्या.

म्हणून माझ्या मते या पाठाचं सार असं: आधी गिरवणं वाईट नाही, गिरवतच राहणं वाईट. सहा वेळा तेच जहाज बांधताना आपण दर वेळी काहीतरी स्वतःचं घातलं, म्हणून सातव्याला आपलं जहाज आखता आलं.

आणि दुसरी कृष्णा? ती ब्रिटिश लिअँडर 'अँड्रोमेडा'. १९८२ च्या फॉकलंड युद्धात लढली आणि आपल्याकडे प्रशिक्षणनौका झाली. २०१२ मध्ये निवृत्त होईपर्यंत अनेक नवे अधिकारी तिच्यावर समुद्र शिकले.

वर्गात आणि घरी करून घ्या

१. वर आलेल्या जहाजांची नावं नद्या, पर्वत आणि शस्त्रं अशा तीन गटांत लावा. नद्या आणि पर्वत नकाशावर शोधा.
२. एक काम उत्तम करणारं जहाज बरं की अनेक कामं बऱ्यापैकी करणारं? दोन गट करून चर्चा घ्या.
३. नवी 'निलगिरी' १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत सेवेत आली. जुनी आणि नवी यांची तुलना मुलांना तक्त्यात मांडू द्या.
४. पालकांनी घरी एवढंच विचारावं: तू पुस्तकातून जसंच्या तसं उतरवलेल्या उत्तरात, पुढच्या वेळी स्वतःचं काय घालशील?