रानटी ट्यूलिप आणि थंडीची झोप



दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आम्ही शाळेच्या गच्चीवर कुंड्यांत ट्यूलिपचे दहा कंद लावले. पाने आली, पण फूल एकही आले नाही. फेब्रुवारीत सगळे सुकले. रोज पाणी घालणारी पाचवीची मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, माझं पाणी चुकलं का?" पाणी चुकले नव्हते. अभ्यास न करता कंद लावले, ही चूक आमची होती. तो अभ्यास आता येथे देत आहोत.

ट्यूलिप म्हटले की हॉलंड आठवते. पण त्याचे मूळ घर मध्य आशियाचे डोंगर. हैदराबादच्या उर्दू शायरीत 'लाला' म्हणून येणारे लाल फूल ते हेच. बागेतील मोठी फुले माणसाने संकर करून तयार केली. रानटी जातींची फुले लहान, पण काटक. त्यांपैकी 'ट्यूलिपा क्लुसियाना' इराणपासून आपल्या पश्चिम हिमालयापर्यंत आढळते. बाहेरून लालसर, आतून पांढरे असे हे फूल उन्हात उघडते व संध्याकाळी मिटते. 1593-94 च्या सुमारास लायडनच्या बागेत ट्यूलिप लावणाऱ्या क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव या जातीला दिले आहे.

पाने सुकल्यावर उन्हाळ्यात कंदाच्या पोटात पुढच्या वर्षीची कळी तयार होते. मात्र तिचा दांडा वाढण्यासाठी कित्येक आठवडे सलग थंडी लागते. डोंगरात ती बर्फाखाली मिळते. आपल्याकडे डिसेंबरची रात्र 14-15 अंशांची आणि दुपार पुन्हा उबदार. म्हणून आमच्या कळ्या आतच राहिल्या.

गेल्या वर्षी आम्ही क्लुसियानाचे कंद आणून असे केले :

1. सप्टेंबरअखेर कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये 12 आठवडे ठेवले. जवळ सफरचंद, केळी ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने आतली कळी मरते.

2. पिशवीवर नाव लिहिले. हे कंद सांबारातल्या छोट्या कांद्यासारखे दिसतात. आमच्या एका बाईंच्या घरी ते फोडणीत जाता जाता वाचले! ते खाल्ल्यास त्रास होतो.

3. डिसेंबरअखेर लाल माती आणि जाड वाळू समभाग घेऊन, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर करून लावले.

4. कुंडीला सकाळचे ऊन व दुपारची सावली दिली. माती वरून सुकल्यावरच पाणी घातले; पाणी साचले की कंद कुजतो.

5. फूल गेल्यावर पाने कापली नाहीत. पिवळी पडेपर्यंत ती कंदासाठी अन्न साठवतात. नंतर कंद काढून कोरड्या जागी ठेवले.

आठ कंदांपैकी तिघांना फुले आली. त्या मुलीने पहिले फूल पाहिले आणि वर्ग सोडून आम्हाला बोलवायला धावली. त्या दिवशी आम्ही रागावलो नाही.

हे कंद येथे दरवर्षी फुलतील असे नाही. ज्यांना खात्रीची फुले हवीत त्यांनी निशिगंध लावावा; त्याला फ्रिज लागत नाही.

पालकांना एकच सांगणे. फ्रिजमधला कंद 12 आठवडे काहीच करत नाही असे वाटते, पण फुलाची तयारी तेव्हाच चाललेली असते. घरातल्या शांत मुलाकडेही आपण तसेच पाहावे.