डावा की उजवा? जुन्या स्टिरिओतला दोष शोधताना



बदलीच्या गावांतून ट्रंकांबरोबर फिरलेला जुना स्टिरिओ आपल्यापैकी काहींच्या घरी असेल. अशा संचाची एक तक्रार ठरलेली असते : एका बाजूचा आवाज मोठा, दुसऱ्या बाजूचा दबका किंवा फाटका. घरात लगेच निकाल लागतो, ‘स्पीकर गेला!’ पण कशावरून? प्लेअर, पिनची वायर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरची वायर, स्पीकर, खोली आणि शेवटी आपला कान, एवढे टप्पे आवाज ओलांडतो. दोष यांपैकी कुठेही असू शकतो. तो शोधण्याचा नियम सोपा आहे : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते वहीत लिहा.

तयारी : बॅलन्सचे बटण मध्यावर ठेवा. गाण्याऐवजी बातम्या लावा. एकाच माणसाचा आवाज तपासायला सोपा. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसा. आवाज बरोबर मधून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो विस्कटलेला वाटला आणि खर्ज नाहीसा झाला असेल, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या आहेत का ते पाहा.

१. आधी स्वतः फिरा. स्पीकरकडे पाठ करून बसा. दबका आवाज आता दुसऱ्या कानाला लागला, तर कान ठीक आहेत. तो त्याच कानाला दबका लागत राहिला, तर स्पीकर निर्दोष आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी ही चाचणी जरूर करा. आपल्यासाठीही ती महत्त्वाची आहे. गोळीबाराच्या मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मेल्या, तर त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून रेंजवर कानाचे संरक्षण टाळू नका.

२. खोली तपासा. कोपऱ्यात ठेवलेल्या खोक्याचा खर्ज वाढतो; सोफ्यामागे दडलेल्या खोक्याचा तार स्वर दबतो. दोन्ही खोकी भिंतीपासून सारख्या अंतरावर, मोकळी ठेवा.

३. स्पीकरच्या तारा बदला. संच बंद करून अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे डावी तार उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावा. दबका आवाज त्याच खोक्यात राहिला, तर दोष खोक्यात किंवा त्याच्या तारेत आहे. तो दुसऱ्या खोक्यात गेला, तर दोष मागे आहे.

४. मागचा दोष वेगळा करा. स्पीकरच्या तारा पूर्ववत लावा आणि प्लेअरकडून येणाऱ्या पिना अदलाबदल करा. दोषाने बाजू बदलली, तर प्लेअर किंवा पिनची वायर. नाही बदलली, तर अ‍ॅम्प्लिफायर. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल, तर बटणाखालच्या भागात धूळ बसलेली असण्याची शक्यता मोठी. दिल्लीच्या मे-जूनमधल्या धुळीत हे सहज होते. पण अ‍ॅम्प्लिफायर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहू शकतो.

५. दोष खोक्यात असेल, तर आधी तार बदलून पाहा. मग तार काढून खोक्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल, तर कॉइल किंवा आतली जोडणी तुटली आहे. ट्विटर मात्र कपॅसिटरच्या मागे असल्याने या मापात येत नाही. कागदाची नळी करून त्याच्याजवळ ऐका. वूफरचा कोन बोटांनी सगळीकडून सारखा, हलकेच दाबा. घासल्याचा आवाज आला, तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. कोनाभोवतीची फोमची कड दमटपणाने आणि वयाने चुरा होते. खर्ज जातो, आवाज फाटतो. निव्वळ कड गेली असेल, तर नवा स्पीकर लागत नाही. कड बदलता येते. दोन्ही बाजूंची एकदम बदला. लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमध्ये स्पीकरचे सुटे भाग मिळतात. मात्र कोनाचा व्यास मोजून आणि ओहम लिहून घेऊनच जा.

हे सगळे दहावीच्या विज्ञानातलेच आहे. चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून वीज वाहिली की तिच्यावर बल लागते; दिशा फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाने कळते. त्या बलाने कॉइल हलते, कोन हलतो, हवा हलते.

अभ्यास : घरच्या संचावर या पाच पायऱ्या करा. प्रत्येक पायरीपुढे ‘काय बदलले’ आणि ‘काय ऐकले’ असे दोन रकाने भरा. सोबत आई-वडिलांपैकी कोणी असू द्या.

१५ फेब्रुवारी १९११ रोजी स्थापन झालेल्या आपल्या सिग्नल्स कोअरचे ब्रीद आहे ‘तीव्र चौकस’. हिंदीत चौकस म्हणजे सावध. मराठीत चौकस म्हणजे प्रश्न विचारणारा, खोलात जाणारा. दोष शोधणाऱ्याला दोन्ही अर्थ लागू पडले पाहिजेत.