ब्राझील एका कपाटात सापडत नाही

‘ब्राझीलची संस्कृती’ एवढंच नाव घेऊन ग्रंथालयाच्या काउंटरवर जाऊ नका. घोडेगावात कॉलेजच्या प्रकल्पासाठी हा विषय मिळालेल्या एका विद्यार्थिनीबरोबर मी फिरले, म्हणून सांगते. तिला 981 क्रमांकाचं कपाट दाखवलं गेलं. ग्रंथालयं वापरतात त्या ड्यूईच्या वर्गीकरणात ब्राझीलचा इतिहास तिथे येतो. कपाटात त्यावर काहीच नव्हतं. पोर हिरमुसली. पण कार्निव्हल सापडतो 394 मध्ये, सणवार आणि चालीरीतींत. सांबा 780 च्या पुढे, संगीतात. कादंबऱ्या 869 ला, पोर्तुगीज साहित्यात. आणि जंगलावर जगणारी माणसं बहुधा 333 ला, नैसर्गिक साधनसंपत्तीत.

विषय मात्र आधी आवळावा लागतो. ही मुलगी भीमाशंकरकडची. घरी जंगलातला बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकतात. मग तिने ॲमेझॉनच्या जंगलात रबराचा चीक काढणारे सेरिंगेइरो निवडले. त्यांचा पुढारी शिको मेंदेस. जंगल तोडून कुरणं करणाऱ्यांच्या आड तो आला आणि 22 डिसेंबर 1988 रोजी शापुरी गावात, त्याच्याच घराच्या दारात त्याचा खून झाला. 1990 मध्ये तिथल्या जंगलाचा मोठा पट्टा त्याच्या नावाने राखीव झाला. चीक काढायचा हक्क तिथल्याच लोकांकडे राहिला. हे वाचताना तिचे डोळे चमकले, कारण जंगलावरच्या हक्काची बोलणी तिने घरी ऐकलेली.

एक नाव हाती आलं की वाट सापडते. अँड्र्यू रेव्हकिन या अमेरिकी पत्रकाराचं ‘द बर्निंग सीझन’ (1990) मिळालं तर शेवटची संदर्भसूची आधी वाचा. पुढची नावं तिथेच असतात. मात्र बाहेरून आलेल्या माणसाच्या पुस्तकावर थांबू नका. मेंदेसचं स्वतःचं म्हणणं ‘फाइट फॉर द फॉरेस्ट’मध्ये आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

अशी पुस्तकं शोधायला पुण्याला निघण्यापूर्वी प्राचार्यांचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. पत्र नव्हतं म्हणून एका मोठ्या ग्रंथालयाने आम्हाला दारातूनच परत पाठवलं. मंचरला गाडी बदलून केलेला प्रवास फुकट गेला, मुलीचा खाडा झाला तो वेगळाच. आधी फोन करून पुस्तक आहे का तेही विचारा. कॉलेजच्या ग्रंथपालांकडे एन-लिस्ट या ऑनलाइन ग्रंथसेवेचं लॉगिन मागा. कॉलेज सभासद असेल तर इंग्रजी ई-पुस्तकं घरबसल्या उघडतात. सुरुवातीला मराठी विश्वकोशातली ‘ब्राझील’ ही नोंद जरूर वाचा, पण प्रकल्प तेवढ्यावर उभा करू नका.

पुस्तक परत देण्याआधी लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक वहीत उतरवा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.