लांबचा समुद्र आणि आपला पाऊस

कोल्हापुराहून गगनबावड्याचा घाट उतरला की कोकण लागते. त्यापलीकडे समुद्र. समुद्रावरून आलेले ढग गगनबावड्याला धो धो पडतात. शिरोळपर्यंत पोचताना त्यांतले बरेच पाणी सरलेले असते. हे आपण दरसाल बघतो. पण एका साली पूर आणि दुसऱ्या साली टंचाई, असे का? त्याचे एक कारण समुद्राच्या पोटात आहे. ते आज समजून घेऊ.

समुद्राचे पाणी एका जागी थांबत नाही. वारा त्याला ढकलतो. मग समुद्रातही नदीसारखे प्रवाह वाहतात. कोकण किनाऱ्याजवळ पावसाळ्यात प्रवाह दक्षिणेकडे जातो. हिवाळ्यात तो उलटा, उत्तरेकडे वाहतो. हा झाला दरसालचा फेरा. काही फेरे मात्र अनेक वर्षांनी येतात.

पूर्वेला फार लांब प्रशांत महासागर आहे. तिथला वारा वरचे ऊन पाणी अमेरिकेकडून आशियाच्या बाजूला लोटतो. दोन ते सात वर्षांनी हा वारा मंदावतो. मग ऊन पाणी मागे सरकते. याला एल निनो म्हणतात. हे नाव पेरू देशाच्या कोळ्यांनी दिले.

याचा आपल्याशी काय संबंध? चुलीवरचे पाणी बघा. तापलेले पाणी वर येते, दुसरीकडे खाली जाते. हवेचेही तसेच. ऊन पाण्यावरची हवा वर चढते, तिथे ढग जमतात. ऊन पाणी सरकले की ढगही सरकतात. मग आपल्या बाजूला हवा खाली उतरते. खाली उतरणाऱ्या हवेत ढग नीट धरत नाहीत.

१९७२ साली एल निनो होता. त्या साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. २०२३ सालीही एल निनो होता. त्या सालचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

पण दरवेळी असेच होते असे नाही. १९९७ साली एल निनो फार जोराचा होता, तरी देशात पाऊस बरा झाला. कारण आपल्या हिंदी महासागराचेही तराजूसारखे आहे. आफ्रिकेकडचे पाणी ऊन आणि सुमात्राकडचे थंड झाले, तर आपल्या पावसाला बळ मिळते. २०१९ साली हे पारडे असेच झुकले होते. त्या साली जून कोरडा गेला. पुढे ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. चिखली, आंबेवाडी पाण्यात बुडाली. पुराला इतरही कारणे असतात, हे मात्र विसरू नये.

हवामान खाते समुद्राची ही लक्षणे बघते. एप्रिलमध्ये ते पावसाचा अंदाज सांगते आणि मेअखेर तो सुधारते. तो अंदाज जरूर वाचावा. पण तो साऱ्या देशाचा असतो, आपल्या एका शिवाराचा नव्हे.

म्हणून एल निनोचे साल असले तरी नदीकाठच्याने पुराची तयारी सोडू नये. आणि साल चांगले सांगितले तरी विहीर, तळे भरून ठेवायला विसरू नये. लांबच्या समुद्राला आपण आवरू शकत नाही. दारातले पाणी मात्र आपण जपू शकतो.